जुन्या पिकअपचे स्टिअरिंग : गच्च बसलेले सांधे सोडवताना

प्रतिनिधी

पहाटे भाजीची पोती घेऊन बाजार समितीत शिरणारी, दुपारी सिमेंटच्या गोण्या वाहणारी आणि लग्नसराईत मांडवाचे सामान पोहोचवणारी जुनी पिकअप हे महाराष्ट्रातील कोणत्याही शहराच्या रस्त्यावरचे नेहमीचे दृश्य आहे. दहा-पंधरा वर्षे राबलेल्या अशा गाडीचे इंजिन सहसा एकदम दगा देत नाही. कुरकुर सुरू होते ती पुढच्या चाकांकडून. स्टिअरिंग चार बोटे फिरवले तरी चाक हलत नाही, खड्ड्यातून जाताना खालून खडखड ऐकू येते, एका बाजूचा टायर कडेने झिजू लागतो. गॅरेजमध्ये गाडी नेली की निदान पाच मिनिटांत होते : टाय रॉडचे एंड गेले, बदलावे लागतील. नव्या एंडचे खोके दुकानातून येते, किंमतही फार नसते. खरे काम त्यानंतर सुरू होते. जुना एंड काही केल्या जागचा हलत नाही.

मग घण बाहेर निघतो. पाच-दहा घाव बसतात, गॅस कटर पेटतो आणि संध्याकाळपर्यंत कसाबसा भाग निघतो. गाडीमालक समाधानाने पैसे देऊन निघून जातो. मात्र त्या घावांनी आणि त्या आचेने गाडीत राहिलेल्या भागांचे काय झाले, हे त्याला कळत नाही. स्टिअरिंगच्या दुरुस्तीतील धोका नेमका येथे आहे. ब्रेक निकामी झाला तर हँडब्रेक असतो, गिअर उतरवून वेग कमी करता येतो. स्टिअरिंगची एक कडी सुटली तर चालकाच्या हाती काहीच उरत नाही.

म्हणून जाम झालेला भाग सोडवण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो. यातला कोणता भाग भंगारात जाणार आहे आणि कोणता गाडीत परत बसणार आहे? पद्धत कोणती वापरायची, हे या एका उत्तरावर ठरते. भंगारात जाणाऱ्या भागाला वाटेल तेवढे ठोका, कापा, जाळा. जो राहणार आहे त्याला मात्र ओरखडाही चालणार नाही.

सांधा घट्ट का बसतो?

जुन्या धाटणीच्या पिकअपमध्ये स्टिअरिंगचा दांडा खाली एका पेटीत उतरतो. गॅरेजच्या भाषेत ही स्टिअरिंग बॉक्स. तिच्यातून एक आडवा, जाड शाफ्ट बाहेर येतो आणि त्याच्या टोकावर एक पोलादी हात बसवलेला असतो. आपल्याकडचे मिस्त्री त्याला ड्रॉप आर्म म्हणतात, अमेरिकी पुस्तकांत तो पिटमन आर्म या नावाने सापडतो. (या नावाची कथा मजेदार आहे. लाकडाचे ओंडके कापताना एक करवत्या वर आणि दुसरा खड्ड्यात उभा राहत असे. खड्ड्यातला तो पिटमन. पुढे पाणचक्कीवर चालणाऱ्या करवतींना हलवणाऱ्या दांड्याला तेच नाव मिळाले आणि तेथून ते मोटारीत आले.) या हातापासून ड्रॅग लिंक निघते, ती चाकाच्या स्टब एक्सलला ढकलते आणि दोन्ही चाकांना टाय रॉड एकमेकांशी बांधून ठेवतो. या साखळीच्या प्रत्येक वळणावर एक बॉल जॉइंट असतो.

बॉल जॉइंटची पिन सरळ नसते, निमुळती असते. ती तशाच निमुळत्या छिद्रात बसते आणि पलीकडून नट आवळला की पाचरीसारखी आत ओढली जाते. अमेरिकी घडणीच्या गाड्यांत हा उतार साधारण आठास एक, तर मेट्रिक मापाच्या बहुतेक गाड्यांत दहास एक असतो. म्हणजे दहा मिलिमीटर लांबीत पिनेची जाडी एक मिलिमीटरने कमी होते. दहास एक उतारात पिनेची प्रत्येक बाजू अक्षाशी तीन अंशांहूनही कमी कोन करते. पोलादावर पोलाद घसरायला लागावे यासाठी कोरड्या अवस्थेत याच्या दुप्पट-तिप्पट कोन लागतो. त्यामुळे एकदा आत ओढलेली पिन नट काढून टाकला तरी स्वतःहून बाहेर येत नाही. लेथवर ड्रिल ज्या तत्त्वाने अडकून राहते तेच हे तत्त्व आहे.

याचा अर्थ असा की, जाम झालेला टाय रॉड एंड हा मुळात बिघाड नव्हे. तो घट्ट बसावा अशीच त्याची रचना आहे. गंज नंतर येऊन या घट्टपणात भर घालतो. लोखंड गंजले की तयार होणारा पदार्थ मूळ धातूच्या दोन ते सहा पट जागा मागतो. निमुळत्या सांध्याच्या तोंडाशी, नटाच्या आट्यांत आणि टाय रॉडच्या नळीत ही वाढीव जागा उपलब्ध नसते, म्हणून सारे आवळले जाते. कोकणातल्या गाड्यांना हा त्रास अधिक. तेथील पाऊस आणि खारी हवा हे कारण आहेच. शिवाय मासळी वाहणाऱ्या पिकअपमध्ये बर्फाचे खारट पाणी फळ्यांतून झिरपून वर्षानुवर्षे चासीवर ठिबकत राहते. उसाच्या पट्ट्यात चिखलाचे थर सुकून बसतात आणि त्यांच्याखाली ओल टिकून राहते.

तेल कोठे उपयोगी, कोठे नाही

गंज म्हटला की तेल, हे समीकरण पक्के आहे. डिझेल, घासलेट, बाजारातला फवारा, जे हाताशी असेल ते ओतले जाते. फवाऱ्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध डब्ल्यूडी-४० हा अमेरिकेतील सॅन दिएगो येथे १९५३ साली तयार झाला, तो पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. नावातले चाळीस म्हणजे चाळिसावा प्रयत्न. जुना गंज भेदण्यासाठी वेगळी, अधिक पातळ तेले मिळतात आणि ती अधिक कामाची आहेत.

तेलाचा उपयोग होतो तो आट्यांमध्ये. नट सोडवायचा असेल किंवा टाय रॉडच्या नळीतून एंड फिरवून काढायचा असेल, तर आदल्या रात्री तारेच्या ब्रशने आटे साफ करून तेल सोडावे, सकाळी पुन्हा सोडावे आणि मधून मधून हलक्या हातोडीने टकटक करावी. त्या कंपनांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. निमुळत्या पिनेच्या बाबतीत मात्र तेलाकडून फार अपेक्षा ठेवू नये. तेथे धातूवर धातू इतका घट्ट दाबलेला असतो की तेलाला शिरायला फटच नसते. चार दिवस तेल पाजून सांधा सुटत नाही आणि मालक वैतागतो, त्याचे कारण हेच.

आणखी एक गोष्ट क्रमाची. आधी नट आणि मगच सांधा. सांधा सैल झाल्यावर नट फिरवू गेल्यास बॉलची पिन त्याच्याबरोबर गोल फिरू लागते आणि नट जन्मात निघत नाही. असे झालेच तर खालून जॅक लावून किंवा कटावणीने दाब देऊन पिन पुन्हा छिद्रात दाबावी, म्हणजे ती धरून राहते. काही पिनांच्या टोकाला अ‍ॅलन चावीसाठी खाच असते, तिने पिन पकडता येते. तेही जमले नाही तर नट ग्राइंडरने उभा कापावा. एंड भंगारातच जाणार आहे.

आधी स्प्लिट पिन काढायची असते, हे सांगायला नको. परंतु गंजलेली स्प्लिट पिन अर्धी तुटून आत राहते, तसाच नट पाइप लावून फिरवला जातो आणि आटे सोलले जातात. तुटका तुकडा बारीक सुंब्याने ठोकून काढण्याची पाच मिनिटे वाचवू नयेत.

दोन हातोड्यांची युक्ती

नट सैल झाला की तो पूर्ण काढू नये. चार-पाच आटे पकडून ठेवावा. सांधा सुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज होऊन भाग उसळतो, त्या वेळी तो तोंडावर न येता नटाला अडकतो.

यानंतर जुन्या मिस्त्रींची जी पद्धत आहे ती शास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरते. पिन ज्या जाड डोळ्यात बसलेली असते त्या डोळ्याच्या एका बाजूला एक जड हातोडा ऐरणीसारखा टेकवायचा आणि बरोबर समोरच्या बाजूने दुसऱ्या हातोड्याने खणखणीत ठोका द्यायचा. पिनेवर नव्हे, डोळ्याच्या अंगावर. त्या ठोक्याने गोल छिद्र क्षणभर किंचित लंबगोल होते, पिनेची पकड काही जागी सुटते आणि निमुळता उतार तिला बाहेर ढकलतो. दोन-चार ठोक्यांत सांधा सुटला की पाहणाऱ्याला ही जादू वाटते. मागे ऐरण नसेल तर ठोक्याची बरीचशी ताकद सांध्याला पिळण्याऐवजी सारा टाय रॉड हलवण्यात वाया जाते.

पिनेच्या टोकावर मारणे हा मात्र सर्वांत सर्रास दिसणारा प्रमाद आहे. पिनेचे टोक फुलते, आटे चेपतात आणि फुललेली पिन छिद्रातून निघण्याऐवजी अधिकच अडकते. एंड टाकूनच द्यायचा असेल तर फार बिघडले असे नाही. पण अनेकदा तो टाकायचा नसतो. ब्रेकचे किंवा स्टब एक्सलचे काम करण्यासाठी तो फक्त बाजूला करायचा असतो, आणि तेव्हा एका घावाने चांगला भाग वाया जातो.

दुसरे हत्यार म्हणजे दोन दातांची काट्यासारखी पाचर. ती डोळा आणि बॉल यांच्या मधल्या फटीत ठोकली की सांधा सुटतो, पण बॉलवरची रबरी टोपी हमखास फाटते. फाटलेल्या टोपीतून ग्रीस बाहेर येते, पाणी आणि धूळ आत जाते आणि बॉल लवकरच झिजतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ या बाबतीत स्पष्ट आहे. स्टिअरिंगच्या जोडण्यांतील सर्व बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात, जोडणारे बोल्ट आणि पिना निसटणार नाहीत अशा रीतीने बंदिस्त असाव्यात आणि स्टिअरिंग चक्राला तीस अंशांपेक्षा अधिक ढिलाई नसावी, असे तो सांगतो. तेव्हा ही पाचर वापरावी ती भंगारात जाणाऱ्या एंडसाठीच.

परत बसवायच्या भागासाठी योग्य साधन म्हणजे पुलर. त्याचे जबडे डोळ्याखाली अडकतात आणि मधला स्क्रू पिनेच्या टोकाला दाबतो. स्क्रूवर शंभर न्यूटन-मीटर, म्हणजे एक मीटर लांब पान्ह्याच्या टोकाला दहा किलो वजन टांगल्याइतका जोर दिला, तर सोळा मिलिमीटरच्या स्क्रूखाली साधारण हिशेबाने तीन टनांचा दाब तयार होतो. तरीही सांधा सुटला नाही तर स्क्रू आणखी पिळत बसू नये. पुलर ताणलेला ठेवून डोळ्याच्या बाजूवर ठोका द्यावा. ताण आणि ठोका एकत्र आले की जे एकट्याला जमत नाही ते बहुधा जमते. पुलरभोवती गोणपाट गुंडाळून ठेवणे आणि डोळ्यांवर चष्मा लावणे, एवढी काळजी घ्यावीच. जबडा निसटला तर तो कोठे जाईल याचा नेम नसतो.

ड्रॉप आर्म : येथे घण नको

या सगळ्या कामांत सर्वाधिक नुकसान होते ते ड्रॉप आर्म काढताना. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मामांकडे गावी एक जुनी पिकअप होती. ड्रॉप आर्मचा बॉल ढिला झाला म्हणून ती गाडी जवळच्या एका गॅरेजमध्ये दिली. आर्म निघेना, म्हणून मिस्त्रीने शाफ्टच्या टोकावर खालून घणाचे घाव घातले. आर्म निघाला, नवा बसला, गाडी घरी आली. पंधरा दिवसांत स्टिअरिंग बॉक्समधून तेल गळू लागले आणि मधोमध असताना चक्र अडखळू लागले. बॉक्स उघडल्यावर शाफ्टच्या बेअरिंगवर खळगे पडलेले दिसले. बॉलच्या दुरुस्तीसाठी गेलेली गाडी अखेर नव्या स्टिअरिंग बॉक्सवर जाऊन थांबली. मामांनी त्या मिस्त्रीशी भांडण केले नाही, गाडी मात्र पुन्हा त्याच्याकडे नेली नाही.

यामागचे कारण असे. ड्रॉप आर्म शाफ्टवर साध्या पिनेने नव्हे, तर निमुळत्या दात्यांवर बसतो. त्याचा नटही साधा नसतो. काही मोठ्या पिकअपमध्ये तो अडीचशे न्यूटन-मीटरच्या घरात आवळलेला असतो, म्हणजे एक मीटरच्या दांडीच्या टोकाला पंचवीस किलो. वर्षानुवर्षांच्या ओझ्याने दाते एकमेकांत रुततात. शाफ्टचे दुसरे टोक बॉक्सच्या आत बारीक गोळ्यांच्या माळेवर चालणाऱ्या नटाशी गुंतलेले असते. बाहेरून दिलेला प्रत्येक घाव थेट त्या गोळ्यांवर आणि बेअरिंगवर पोहोचतो. येथे भंगारात जाणार तो आर्म आणि राहणार तो शाफ्ट. घाव मात्र पडतो राहणाऱ्या भागावर.

ड्रॉप आर्मसाठी जाड, रुंद जबड्यांचा खास पुलर मिळतो. साधा बेअरिंग पुलर येथे वाकतो किंवा निसटतो. चासीच्या अडचणीत पुलर शिरत नसेल तर बॉक्स आर्मसकट उतरवून टेबलावर घ्यावा आणि प्रेसवर काम करावे. यात दोन तास जादा लागतात, म्हणून गॅरेजवाले नाखूश असतात. मालकाने आग्रह धरावा. पुलरच्या स्क्रूच्या डोक्यावर हातोडा मारणे म्हणजेही शाफ्टवरच मारणे, हे लक्षात ठेवावे. मारायचेच झाले तर आर्मच्या डोळ्याच्या बाजूवर, पलीकडे जड ऐरण धरून आणि बेताने.

पुलरनेही हार मानली तर शेवटचा उपाय कापण्याचा आहे. ग्राइंडरने आर्मच्या डोळ्याला उभी चीर द्यायची, शाफ्टच्या दात्यांपर्यंत न पोहोचता थोडा धातू शिल्लक ठेवायचा आणि त्या चिरेत छिन्नी ठोकून डोळा फाकवायचा. आर्म जातो, शाफ्ट वाचतो. नवा आर्म नव्या बॉक्सपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

काढण्यापूर्वी चाके सरळ करून शाफ्ट आणि आर्म या दोहोंवर समोरासमोर पंचाची खूण करायला विसरू नये. काही गाड्यांत एक दाता मुद्दाम रुंद ठेवलेला असतो, त्यामुळे आर्म चुकीचा बसतच नाही. सर्वच गाड्यांत ही सोय नसते. एक दाता चुकला तरी चाके सरळ असताना बॉक्स मध्यावर राहत नाही. बॉक्सची रचना मधोमध सर्वांत कमी ढिलाई राहील अशी असते. ती जागा हुकली की महामार्गावर सरळ जाताना गाडी दारू प्यायल्यासारखी डुलते आणि दोष नव्या आर्मला दिला जातो.

आच किती द्यावी

आपल्या गॅरेजांत गॅसची ज्योत हा सर्वांवरचा तोडगा समजला जातो. तिचा उपयोग आहे, यात शंका नाही. वीस मिलिमीटरचे छिद्र असलेला डोळा दोनशे अंशांनी तापवला, तर छिद्र एका मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या भागाने रुंदावते. हे नगण्य वाटेल, पण दहास एक उताराच्या सांध्यात एवढ्याने पिनेला अर्धा मिलिमीटर सरकायला जागा मिळते आणि पकड सुटायला तेवढे पुरे असते. अट एकच. बाहेरचा डोळा झटपट तापला पाहिजे आणि आतली पिन त्या मानाने थंड राहिली पाहिजे. मंद आचेवर दोन्ही सारखेच तापले तर काही साधत नाही. गरम सांध्याच्या तोंडाशी मेणबत्ती टेकवून वितळलेले मेण आत ओढू देण्याची रीतही आहे. आट्यांच्या बाबतीत तिचा चांगला गुण येतो.

धोका सुरू होतो तो धातू लाल होईपर्यंत आच दिल्यावर. स्टब एक्सल, स्टिअरिंगचे हात, ड्रॉप आर्म हे सारे भाग ठोकून घडवलेल्या आणि पाणी देऊन कमावलेल्या पोलादाचे असतात. घासून चकचकीत केलेल्या पोलादावर सव्वादोनशे अंशांच्या आसपास गवती पिवळा रंग येतो, तीनशेच्या आसपास तो निळा होतो. येथपर्यंत हे पोलाद साधारणतः आपले गुण राखून असते. अंधारात मंद लाल दिसू लागले की तापमान पाचशेच्या पुढे गेलेले असते आणि त्यानंतर त्याची ताकद कमी होऊ लागते. वरून पाणी ओतून थंड केले तर ते ठिसूळही होऊ शकते. दिसायला तो हात पूर्वीसारखाच दिसतो. म्हणून परत बसणाऱ्या भागावर लाल आच कधीही घेऊ देऊ नये, आणि कोणी घेतलीच तर तो भाग बदलून मागावा.

त्यातच बॉल जॉइंटमध्ये ग्रीस कोंडलेली असते. ती तापून टोपीतून पिचकारीसारखी उडते, कधी पेट घेते. शेजारून ब्रेकची रबरी नळी गेलेली असते, बॉक्सचे ऑइल सील हाताच्या अंतरावर असते. ज्योत लावण्यापूर्वी या सर्वांवर ओले गोणपाट टाकावे आणि वाळूची बादली जवळ ठेवावी.

किंगपिन

ज्या पिकअपला पुढे अखंड धुरा आणि पाटे आहेत, तेथे स्टब एक्सल किंगपिनभोवती फिरतो. हा सांधा ग्रीसवर जगतो. ग्रीस गन चालवण्याचा कंटाळा केला की निपल चोंदते, बुश कोरडे पडते आणि पिन धुऱ्याच्या डोळ्यात गंजून बसते. ती काढताना नेहमी होणारी चूक म्हणजे आडव्या कॉटर बोल्टकडे दुर्लक्ष. हा निमुळता बोल्ट पिनेच्या खाचेत अडकून तिला धरून ठेवतो. तो न काढता किंवा अर्धवट सैल करून घण चालवला, तर धुऱ्याचे छिद्रच खराब होते, आणि धुरा हा काही सहज बदलण्याचा भाग नव्हे. आधी कॉटर, मग वरची टोपी किंवा झाकणाची चकती, त्यानंतर तेल आणि शेवटी दाब, असा क्रम आहे. शक्य असेल तर धुरा उतरवून हायड्रॉलिक प्रेसवर न्यावा. पिन निघाल्यावर नवे बुश बसवून ते रीमरने मापात आणावे लागतात. हे काम डोळ्यांच्या अंदाजाने होत नाही.

टाय रॉडची नळी

टाय रॉडच्या दोन टोकांपैकी एकाचे आटे उलटे असतात. नळी फिरवली की दोन्ही टोके एकाच वेळी आत किंवा बाहेर सरकावीत, यासाठी ही योजना आहे. ती ठाऊक नसलेला हौशी माणूस उलट आट्याचा एंड सुलट फिरवून आणखी आवळतो. नळीचे क्लॅम्प आधी सैल करावेत. तिला उभी चीर असेल तर छिन्नीने ती किंचित फाकवून तेल सोडावे. जुना एंड काढण्यापूर्वी दोन्ही बॉलच्या मध्यांमधले अंतर मोजून लिहून ठेवावे आणि एंड किती फेऱ्यांत निघाला तेही मोजावे. नवा तितक्याच फेऱ्यांवर बसवला की गाडी निदान अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नीट जाते. नळीच गंजून पातळ झाली असेल तर तिच्यावर श्रम न करता ती बदलणे शहाणपणाचे.

हे सर्व गाडीखाली जाऊन करायचे काम आहे. गाडी केवळ जॅकवर उभी करून, किंवा आपल्याकडे सर्रास दिसते तशी दगड-विटांच्या थरावर टेकवून, खाली शिरू नये. घाव बसताच गाडी हलते. मजबूत लोखंडी स्टँड आणि मागच्या चाकांना ओट लावल्याशिवाय हातोडा उचलूच नये.

परत बसवताना

भाग निघाल्यावर रिकामे छिद्र कापडाने पुसून बोटाने चाचपावे. पायरी लागली, चकाकणारी रेघ दिसली किंवा छिद्र लांबट वाटले, तर तो हात बदलावा. नवी पिन हाताने बसवून पाहिल्यास ती डुगडुगता कामा नये. पिनेला निळा रंग लावून छिद्रात दाबली की रंग कोठे उतरला यावरून सांधा किती टेकला ते दिसते. ही खबरदारी सहसा कोणी घेत नाही, मागितल्यावर मात्र चांगला मिस्त्री ती आनंदाने घेतो. निमुळता सांधा कोरडा आणि स्वच्छ बसवायचा असतो. पुढच्या वेळी सहज निघावा म्हणून त्याला ग्रीस लावणे हा उलटा न्याय झाला. तो निघू नये यासाठीच तो निमुळता केलेला आहे.

कॅसल नट ठरावीक जोराने आवळल्यावर स्प्लिट पिनेचे छिद्र जुळले नाही, तर नट मागे सोडू नये, पुढच्या खाचेपर्यंत आवळावा. स्प्लिट पिन नवीच घालावी. जुनी सरळ करून वापरलेली पिन काही रुपये वाचवते. नायलॉनचा नट असेल तर तोही नवा.

वाकलेला हात तापवून सरळ करणे, तुटलेल्या आर्मला वेल्डिंग करणे, कुर्ल्यासारख्या भंगार बाजारातून दुसऱ्या गाडीचा ड्रॉप आर्म आणून बसवणे, हे प्रकार जुन्या गाड्यांच्या बाबतीत अजूनही चालतात. सुटा भाग मिळत नाही, हे त्याचे समर्थन असते. दरवाजा किंवा बंपर भंगारातून आणायला हरकत नाही. अपघातात पिळलेल्या गाडीचा स्टिअरिंगचा हात कोणता आणि चांगला कोणता, हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही.

आठ वर्षांहून जुन्या व्यापारी वाहनाला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्या तपासणीत स्टिअरिंगची ढिलाई पाहिली जाते. पिकअपचे मालक बहुधा या तपासणीच्या आदल्या दिवशी गॅरेज गाठतात आणि मिस्त्रीला घाई करतात. जाम झालेल्या सांध्याला हवी असते ती एक रात्र तेलात आणि एक सकाळ पुलरवर. ती मिळाली नाही की घण निघतो. गाडी तपासणीच्या चार-पाच दिवस आधी दिली तर निम्मे नुकसान टळते.

काम संपल्यावर पुढच्या चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे, ग्रीस निपल असतील तेथे ग्रीस भरावी आणि दोनशे-तीनशे किलोमीटर धावल्यानंतर प्रत्येक नट आणि स्प्लिट पिन पुन्हा एकदा पाहावी. अलाइनमेंटनंतरही सरळ रस्त्यावर चक्राचे आरे तिरके राहत असतील, तर चक्र उपटून सरळ बसवण्याची घाई करू नये. आधी ड्रॉप आर्मवरची पंचाची खूण जुळते का, ते तपासावे.